नीळ : झाडातली आणि हातातली



निळ्या कोल्ह्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. कुत्री मागे लागली म्हणून एक कोल्हा गावात शिरला आणि रंगाऱ्याच्या अंगणातल्या निळीच्या पिंपात पडला. बाहेर आला तो निळा होऊनच. रानातल्या जनावरांनी त्याला राजा मानले. पुढे एका रात्री दुसऱ्या कोल्ह्यांची कोल्हेकुई कानी पडली, त्यालाही राहवेना, आणि त्याचे पितळ उघडे पडले. पंचतंत्रातली ही गोष्ट. आपण ती मुलांना सांगतो, शेवटी तात्पर्य जोडतो आणि मोकळे होतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पाचवीतल्या पुतण्याला ही गोष्ट सांगत होतो. तात्पर्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्याने विचारले, "काका, तो कोल्हा पावसात भिजला नसेल का? मग त्याचा रंग गेला कसा नाही?"

मी इतिहासाचा प्राध्यापक. अकबर केव्हा जन्मला हे विचारा, सांगतो. पण या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधायला मी निघालो आणि शोधता शोधता आमच्या शिंदखेड्याच्या बांधावर, एका म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या ओट्यावर आणि माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतात जाऊन पोहोचलो. तीच हकीकत आज आपणांस सांगणार आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. घरी पांढरे धोतर किंवा सदरा धुतल्यावर शेवटच्या पाण्यात आपण जी नीळ घालतो, ती झाडाची नव्हे. त्या निळ्या भुकटीला अल्ट्रामरीन म्हणतात. ती खनिज पदार्थ भट्टीत भाजून कारखान्यात तयार होते. तिने कापड रंगत नाही. पिवळटपणा झाकला जातो, एवढेच. मी ज्या निळीविषयी बोलतो आहे ती झाडाच्या पाल्यापासून निघते. जुन्या मराठीत त्या झाडाला आणि त्याच्या रंगालाही गुळी म्हणत. संस्कृतात ती नीली. या निळीने रंगवणारे कारागीर ते निळारी किंवा निराळी. आजही काही घराण्यांची आडनावे तीच आहेत, पण त्यातल्या कित्येकांना आपल्या आडनावात एक झाड दडलेले आहे याची कल्पना नसते.

या रंगाचा आणि आमच्या गावाचा एक जुना संबंध आहे, तो ऐकून आपणांस गंमत वाटेल. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारा मोगल अमदानीतला हमरस्ता नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा असा जात असे. 1610 सालच्या जानेवारीत विल्यम फिंच नावाचा एक इंग्रज व्यापारी या वाटेने गेला. त्याने मुक्कामांची टिपणे ठेवली. शिंदखेड्याविषयी तो लिहितो, गाव मोठे आहे, पण घाणेरडे आहे. आता चारशे वर्षांपूर्वीच्या पाहुण्यावर रागावून काय करायचे? मुद्दा वेगळा आहे. हा फिंच नीळ खरेदी करणारा माणूस होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो आग्र्याजवळच्या बयाना गावी नीळ घ्यायला गेला. तिथे जहांगीर बादशहाच्या आईच्या माणसाच्या बोलीवर त्याने जास्त बोली केली, आणि त्यावरून दरबारातल्या इंग्रजांना बराच मनस्ताप झाला. बादशहाच्या आईचे जहाज ज्या मालाने भरायचे, ज्याच्यासाठी परदेशी व्यापारी दरबाराची मर्जी घालवायला तयार होत, तो माल म्हणजे ही नीळ. त्या काळी बयान्याची आणि अहमदाबादेजवळच्या सरखेजची नीळ युरोपापर्यंत जात असे.

फिंचने निळीची लागवड, कापणी आणि परीक्षा यांचे बारकाईने वर्णन करून ठेवले आहे. एकदा पेरलेली गुळी तीन वर्षे कापत, आणि दुसऱ्या वर्षीच्या खोडव्याची नीळ सर्वांत उत्तम समजली जाई. चांगल्या निळीची लक्षणेही तो देतो. वडी हलकी आणि कोरडी असावी, पाण्यावर तरंगावी, जांभळट दिसावी आणि उन्हात तिला तकाकी यावी. वडी जड लागली तर समजावे की तिच्यात माती किंवा वाळू मिसळली आहे. भेसळ काही आजची नाही, श्रोतेहो!

आता झाडांकडे वळू.

नीळ देणारे झाड जगात एकच आहे असे नाही. आपली गुळी डाळवर्गातली, म्हणजे तूर-हरभऱ्याच्या गोतातली. युरोपात वोड नावाच्या, मोहरीच्या गोतातल्या झाडापासून हाच रंग काढीत. जपानात त्यासाठी वेगळेच एक रोप लावतात. आसाम आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आणखी एका झुडपाचा पाला वापरतात. गोत वेगळे, देश वेगळे, हवा वेगळी. पण कापडावर येणारी निळाई मात्र तीच. दूर दूरच्या माणसांनी एकमेकांना न विचारता ही विद्या शोधून काढली, याचे मला मोठे नवल वाटते.

आपल्याकडे गुळीखेरीज काळा कुडा आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या रानांत हे लहानसे झाड आढळते. पांढरी सुवासिक फुले, आणि लांब बारीक शेंगांच्या जोड्या, कोवळेपणी टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. याचा पाला गरम पाण्यात घालून नीळ काढता येते. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत तसे प्रयोग करून लिहून ठेवले आहे. याच झाडाच्या मऊ लाकडाची कर्नाटकातली चन्नपट्टणची खेळणी होतात.

आणि मग आहे उन्हाळी. तिने मला फसवले, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो.

पुतण्याच्या प्रश्नानंतर मी पुस्तके चाळली, चित्रे पाहिली, आणि एका रविवारी बुराईच्या काठाने फिरताना बांधावर मला ते झाड दिसले. संयुक्त पाने, लहान लहान पर्णिका, जांभळट फुले, शेंगा. मला कोण आनंद झाला! जुडी बांधून घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवून पंधरा मिनिटे व्याख्यान दिले. मुलांनी टिपून घेतले. दोन दिवसांनी तीच जुडी घेऊन मी एका वृद्ध रंगारी गृहस्थांकडे गेलो. नव्वदीला टेकलेले. गावातले लोक त्यांना आबा म्हणतात. त्यांचे आजोबा निळीचा रांजण लावीत असत.

आबांनी जुडी हातात घेतली, नुसती चाचपली आणि म्हणाले, "मास्तर, हाई नीळ नही शे. हाई ते उन्हाळी. पान तोडीसन देखा."

त्यांनी एक पर्णिका दोन्ही टोकांना धरून हळूच ओढली. ती मधोमध सरळ फाटली नाही, तर बाणाच्या पिसाऱ्यासारखी तिरपी, दोन्हीकडे कोन करून तुटली. संस्कृतात उन्हाळीला शरपुंखा म्हणतात, शर म्हणजे बाण आणि पुंख म्हणजे त्याचा पिसारा, ते याचसाठी. हे नाव मी पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ मात्र मला त्या ओट्यावर, आबांच्या बोटांत दिसला.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी चूक कबूल केली. शिक्षक बंधुभगिनींनो, खरे सांगतो, वर्षभरात मुलांनी सर्वांत लक्ष देऊन ऐकलेला तास तो होता!

तेव्हा ओळख नीट ध्यानात घ्या. उन्हाळीची शेंग चपटी. गुळीची शेंग बारीक, गोलसर आणि किंचित वाकडी. उन्हाळीची पर्णिका बाणासारखी तुटते. गुळीची तशी तुटत नाही. गुळीची फुले अगदी बारीक, गुलाबीसर, पानांच्या बगलेत तुऱ्यांनी येतात. आणि मुख्य खूण म्हणजे गुळीचा पाला वाळला की निळसर काळा पडू लागतो.

आता मूळ प्रश्न. हिरव्या पानातून निळा रंग येतो कुठून?

खरे म्हणजे पानात निळा रंग नसतोच. पानात असतो एक बिनरंगी पदार्थ, त्याला इंडिकन म्हणतात. तो साखरेशी जोडलेला असतो. कापलेला पाला हौदात पाण्याखाली दाबून ठेवला की दहा-पंधरा तासांत तो आंबतो, साखर सुटी होते आणि पाणी पिवळट हिरवे दिसू लागते. ते पाणी खालच्या हौदात सोडतात आणि माणसे आत उतरून दोन-तीन तास ते पायांनी किंवा वल्ह्यांनी घुसळतात. का घुसळायचे? तर पाण्यात हवा मिसळावी म्हणून. हवेतला प्राणवायू लागला की त्या पदार्थाचे दोन-दोन कण जोडले जाऊन नीळ बनते. फेस आधी हिरवा, मग निळा होतो. घुसळणे थांबवले की नीळ गाळासारखी तळाशी बसते. वरचे पाणी काढून टाकायचे, गाळ उकळायचा, फडक्यात दाबायचा, वड्या कापायच्या आणि सावलीत वाळवायच्या. शंभर किलो ओल्या पाल्यातून फार तर काहीशे ग्रॅम नीळ हाती येते.

वडी झाली, पण काम संपले नाही. ही नीळ पाण्यात विरघळतच नाही. कितीही ढवळा, कापडाला ती धरत नाही. म्हणून रंगारी तिला पुन्हा एकदा आंबवतो. रांजणात कोमट पाणी, चुना, गूळ आणि टाकळ्याचे बी. होय, तोच टाकळा, ज्याची कोवळी भाजी आपण पहिल्या पावसानंतर खातो आणि जो पुढे उकिरड्यापासून सडकेपर्यंत माजतो. रांजण आंबला की त्यातल्या निळीचा निळेपणा जातो आणि ती चुन्याच्या पाण्यात विरघळते. रांजणातले पाणी तेव्हा पिवळट हिरवे असते, वर निळा-तांबूस फेस. त्यात कापड बुडवून वर काढले तर ते हिरवट दिसते. पण हवा लागली की आपल्या डोळ्यांदेखत, पाहता पाहता ते निळे होते. धाग्यात शिरलेली नीळ आता पुन्हा न विरघळणारी झाली. पावसाने ती जाणार कशी?

तर पुतण्याला उत्तर मिळाले. कोल्हा पिंपातून निघाला तेव्हा तो हिरवट पिवळा असणार. रानाकडे पळता पळता वाऱ्याने तो निळा झाला. आणि पावसात भिजला तरी रंग टिकला, कारण रंगाऱ्याचा रांजण उत्तम आंबलेला होता. कोल्हा लबाड होता, रंग मात्र सच्चा होता!

आबांना मी विचारले, रांजण तयार झाला हे कसे ओळखत? ते म्हणाले, वासाने. कधी फेस बघून, कधी थेंब नखावर घेऊन. रांजण आजारी पडतो, रांजण थंडीने गारठतो, रांजणाला भूक लागते, असे ते सांगत होते. पाळलेल्या जनावराविषयी बोलावे तसे. मी वहीत लिहून घेऊ लागलो तेव्हा हसले आणि म्हणाले, "नीळ झाडमा नही मास्तर, हातमा शे."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले आहे. हे हात गेले कुठे, हे सांगायला मला थोडा इतिहास सांगावा लागेल.

जळगाव जिल्ह्यातले फैजपूर आपणां सर्वांना ठाऊक आहे ते 1936 सालच्या डिसेंबरातल्या काँग्रेस अधिवेशनामुळे. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, आणि गांधीजी हजर. परंतु त्याआधी फैजपूरची ख्याती निराळी होती. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात नोंद आहे की हे गाव छापील कापडासाठी आणि गडद निळ्या व तांबड्या रंगासाठी प्रसिद्ध असून गावाच्या एका भागात रंगाऱ्यांची सुमारे 250 कुटुंबे आहेत. अडीचशे कुटुंबे! तांबडा रंग आलाच्या मुळीचा, निळा गुळीचा. आपल्या पणज्यांची काळीनिळी लुगडी अशाच रांजणांतून निघत असत. ती फाटत, विटत, पण त्यांचा रंग शेजारच्या कपड्याला लागत नसे.

मग काय झाले? जर्मनीत आडोल्फ फॉन बायर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने नीळ प्रयोगशाळेत बनवण्याचा ध्यास घेतला. 1880 साली त्याला ते साधले, 1883 साली त्याने निळीची रचना उलगडली आणि पुढे 1905 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. 1897 साली बी.ए.एस.एफ. या जर्मन कंपनीने कारखान्यात केलेली नीळ बाजारात आणली. ती स्वस्त, प्रत्येक डब्यात सारखी, आणि पावसावर अवलंबून नाही. पहिले महायुद्ध सुरू होण्याआधीच हिंदुस्थानातला निळीचा धंदा मोडकळीला आला. गंमत पहा, या कृत्रिम रंगांच्या मुळाशी ॲनिलिन नावाचे जे द्रव्य आहे ते प्रथम नीळ तापवूनच मिळाले होते, आणि त्याचे नावही आपल्याच शब्दाचे. संस्कृत नील, अरबी अन्-नील, पोर्तुगीज अनिल, त्यावरून ॲनिलिन. आपलाच शब्द परदेशी जाऊन आपल्याच धंद्याच्या मुळावर आला.

आज मुलांच्या अंगात जीनच्या पँटी दिसतात. त्यांचा निळा रंग बहुतेक कारखान्यातला, पण पदार्थ तोच, नीळच. ती धाग्याच्या वरवर बसते, गाभा पांढरा राहतो, म्हणून गुडघ्यावर घासली की पांढरी पडते.

पण श्रोतेहो, झाडाच्या निळीचे सारेच दिवस सोन्याचे होते असे समजू नका. या पिकाखाली शेतकरी किती भरडला गेला, ते विसरता येणार नाही. बंगालात निळीच्या मळेवाल्यांनी उचल देऊन रयतेला असे बांधून टाकले की 1859-60 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी नीळ पेरायचे साफ नाकारून उठाव केला. दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' हे नाटक 1860 चे, ते याच छळावरचे. बिहारात चंपारण्यात तीनकठिया पद्धत होती. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावलीच पाहिजे, भाव मळेवाला ठरवणार. कारखान्याची नीळ आल्यावर मळेवाल्यांचा फायदा बुडाला, तेव्हा तो तोटाही त्यांनी रयतेवरच घातला. नीळ लावायची सक्ती सोडतो म्हणून खंड वाढवून घेतला, नाहीतर रोख रक्कम उकळली. 1917 साली गांधीजी तिथे गेले, हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या घेतल्या गेल्या, आणि 1918 च्या कायद्याने तीनकठिया बंद झाली.

या साऱ्याचे सार काय? नीळ वाईट नव्हती. पण जमीन शेतकऱ्याची, घाम शेतकऱ्याचा, आणि हौद मळेवाल्याचा, भावही मळेवाल्याचा. सारे दुःख तिथे होते.

हे सारे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. आणि दोन वर्षांपूर्वी हाच धडा माझ्या दारात येऊन उभा राहिला. माझा एक जुना विद्यार्थी तालुक्यातच शेती करतो. कापसाने त्याला दोन हंगाम लागोपाठ रडवले होते. एक दिवस घरी आला तो उत्साहाने. बाहेरगावचा एक व्यापारी भेटला होता. निळीला परत मागणी आहे, नैसर्गिक रंगाचे कापड परदेशात जाते, केसांना लावायला पाल्याची पूड खपते, बियाणे आम्ही देऊ, माल आम्हीच घेऊ. "सर, पाच एकर लावू का?"

त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. तमिळनाडूत आणि आंध्रात आजही शेतकरी गुळी लावतात, पाल्याची पूड मेंदीबरोबर केसांना लावायला विकली जाते, हे खरे आहे. माझ्याही मनात आले, चला, खानदेशात पुन्हा नीळ येईल! पण मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. हौद कुठे आहे? भाव लिहून दिला आहे का? आणि त्याने माल नाही उचलला, तर दुसरा कोण घेईल?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गुळीचा पाला ज्वारीच्या कणसासारखा खळ्यावर पडून राहू शकत नाही. नीळ काढायची तर कापला की त्याच दिवशी हौदात गेला पाहिजे. म्हणजे हौद शेताजवळ हवा, पाणी भरपूर हवे, हात हवेत. हौद नसलेला शेतकरी हौदवाल्याच्या मुठीत जातो. चंपारण्यात तेच झाले होते.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, इतिहास परीक्षेपुरता असतो असं वाटत होतं." शेवटी ठरले की पाच एकर नाही, वीस गुंठे. तेही मुरमाड, पाणी न साचणाऱ्या तुकड्यात. काळ्या चिबड जमिनीत गुळीची मुळे कुजतात.

पीक छान आले. हिरवेगार, कमरेएवढे. फुलावर आले तेव्हा त्याने व्यापाऱ्याला फोन लावला. फोन लागेना. आठ दिवस, पंधरा दिवस. तो माणूस पुन्हा फिरकला नाही. माझ्या विद्यार्थ्याने काही पाला घरी वाळवला, बी धरायला एक ओळ राखली आणि बाकीचे उभे पीक नांगरून गाडले. गुळी डाळवर्गातली, तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात. दक्षिणेत हिरवळीचे खत म्हणूनही ती लावतात. तो मला म्हणाला, "सर, नीळ नाही मिळाली, पण खत मिळालं." हसत म्हणाला, पण बियाण्याचे आणि मजुरीचे पैसे गेले, हे त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर मला दिसले. पाच एकर असते तर हसता आले नसते.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, माझे सांगणे सरळ आहे. कोणी निळीचे सोने दाखवले तर हुरळून जाऊ नका, आणि हे झाड टाकाऊ आहे असेही समजू नका. पाच-दहा जणांनी मिळून आधी हौद बांधावा, एका हंगामात थोडी नीळ काढून पाहावी, खरेदीदार दोन तरी असावेत, मगच पेरा वाढवावा. आधी हौद, मग पेरणी. आणि नाहीच जमले तर बांधालगतची एक ओळ हिरवळीच्या खतासाठी आहेच.

आता शिक्षक मित्रांसाठी. निळीचा धडा पुस्तकातून शिकवू नका, करून दाखवा. सोपा प्रयोग गोकर्णाचा. निळ्या गोकर्णाची फुले गरम पाण्यात टाका, सुंदर निळे पाणी होईल. एका पेल्यात लिंबू पिळा, पाणी जांभळे-गुलाबी होईल. दुसऱ्यात खायचा सोडा घाला, हिरवट होईल. मुले टाळ्या वाजवतील. मग त्याच पाण्यात पांढरे फडके बुडवून वाळवा आणि धुवा. रंग जाईल. निळे दिसते ते सर्वच टिकत नाही, हे मुलांना तेव्हा कळेल.

दुसरा प्रयोग रांजणाचा. दक्षिणेतून आणलेली थोडी नीळ घेऊन आम्ही तो केला. एक भाग नीळ, दोन भाग विरवलेला चुना, तीन भाग गूळ, असे प्रमाण घेतले. चुन्याच्या पाण्यात मुलांचे हात घालू देऊ नका. रबरी हातमोजे शिक्षकाने घालावेत आणि डोळे सांभाळावेत. पौषात केलेला आमचा पहिला प्रयोग फसला. कापड मळकट राखाडी निघाले. चैत्रात पुन्हा मडके मांडले. तिसऱ्या दिवशी तेही सुस्त पडले. आबांना रिक्षाने आणले. त्यांनी मडक्यावर वाकून वास घेतला. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी तो वास त्यांच्या नाकात जात होता. डोळे मिटून क्षणभर तसेच राहिले. मग म्हणाले, "याले भूक लागेल शे." आम्ही आणखी गूळ घातला, मडके उन्हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पुतण्यानेच रुमालाला दोरा बांधून तो बुडवला आणि वर काढला. हिरवट पिवळा. मुले म्हणाली, फसला. आबा काही बोलले नाहीत. वाऱ्यावर धरलेल्या त्या रुमालाच्या कडा आधी निळ्या झाल्या, मग निळाई आत सरकत गेली. पोरे ओरडली नाहीत, गप्प झाली. एक मुलगी हळूच म्हणाली, "कोल्हा!"

आबा आता थकले आहेत. त्यांना जे येते ते सारे आम्हांला लिहून घेता येणार नाही. वास वहीत उतरत नाही. पण चार मुलांनी तो वास घेतला आहे. उन्हाळी कोणती आणि गुळी कोणती, हे पान ओढून सांगणारी वीस मुले आज आमच्या गावात आहेत. माझ्या विद्यार्थ्याने राखलेल्या त्या एका ओळीचे बी त्यांनी शाळेच्या कुंपणालगत लावले आहे.

आपल्या गावातही कोणी जुना रंगारी, निळारी, छिपा असेल. त्यांच्या घरी जा, ओट्यावर बसा आणि विचारा. झाडे आपली वाट पाहतील. माणसे किती दिवस पाहतील, हे कोणी सांगावे?